हिरवं दिसतं, गार नसतं

नागपूर-अकोल्याकडच्या जुन्या घरांत उन्हाळ्याची एक रीत होती. ऊन कललं की घरातलं कुणीतरी बादली घेऊन अंगणात उतरायचं आणि हाताने पाणी फेकत जायचं. तापलेल्या जमिनीवर पहिलं पाणी पडताक्षणी नाहीसं व्हायचं, मातीचा वास सुटायचा. दुसऱ्या फेरीला जमीन जरा वेळ ओली राहायची. अंधार पडेपर्यंत ती इतकी निवायची, की तिथेच बाज टाकून निजता येत असे. या सड्यामागचं शास्त्र कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. पाणी उडून जाताना जमिनीची आग बरोबर नेतं, हे तळपायांना ठाऊक होतं.

त्या अंगणात पुढे कोबा आला, मग फरशी आली, आणि आता फरशीवर प्लास्टिकचं गवत येतं आहे. दुकानात त्याचे रोल उभे असतात. रुंदी साधारण दोन मीटर, पात्याची उंची २५, ३५, ४० मिलिमीटर. एसीच्या गारव्यात उभं राहून त्यावर हात फिरवला की मऊ आणि थंड लागतं. पाणी नको, कापणी नको, माळी नको, असं दुकानदार सांगतो आणि ते बव्हंशी खरंही असतं. मात्र मे महिन्यात दुपारी दोन वाजता हाच तुकडा कसा वागतो, हे दुकानात कळायला मार्ग नसतो. उष्ण प्रदेशात गवत निवडायचं तर सगळा प्रश्न तिथेच आहे.

छपराखाली जन्मलेलं गवत

आधी याचा जन्म कुठे झाला ते पाहू, म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. १९६५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात अॅस्ट्रोडोम नावाचं प्रचंड बंदिस्त स्टेडियम उघडलं. छप्पर पारदर्शक तावदानांचं होतं आणि आत बेसबॉलसाठी खरं गवत लावलेलं होतं. पण वर उडालेला चेंडू तावदानांच्या चकाकीत खेळाडूंना दिसेना. उपाय म्हणून तावदानांना रंग फासला. चेंडू दिसू लागला आणि उजेडावाचून गवत मेलं. उरलेला मोसम वाळक्या गवताला हिरवा रंग मारून काढला. १९६६ मध्ये तिथे मोन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं गेलं. कंपनीने त्याचं नाव केमग्रास ठेवलं होतं. ते पुढे अॅस्ट्रोटर्फ म्हणून जगभर गेलं.

म्हणजे ही वस्तू प्रसिद्धीला आली ती ऊन कमी पडलं म्हणून. भर उन्हात ती कशी वागेल, हा प्रश्न त्या छपराखाली कुणाला पडण्याचं कारणच नव्हतं.

आपल्याकडे तिची ओळख झाली ती हॉकीतून, आणि जरा कडवटच. १९७५ मध्ये क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सातवा आला. ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली गेली ती तिथे पहिल्यांदा. नंतर या खेळात जी मैदानं रूढ झाली, त्यांवर सामन्याआधी फवाऱ्यांनी पाणी मारावं लागतं, म्हणजे चेंडू वेगाने पळतो आणि पडलेल्या खेळाडूची कातडी सोलवटत नाही. पाणी लागत नाही म्हणून जे विकलं जातं, त्याच्या सर्वांत नामांकित मैदानांना वर्षानुवर्षं पाणी द्यावं लागलं आहे.

पान पाणी पितं आणि घामही गाळतं

खरं गवत उन्हात गार का राहतं? पानाच्या पाठी-पोटावर सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात पाणी मिळणारी हिरवळ दर चौरस मीटरला दिवसाकाठी पाच ते सात लिटर पाणी उडवते. सहा लिटर धरलं, तर हजार वॅटची इस्त्री चार तास चालेल इतकी उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यावरून रोज निघून जाते. सड्याचंच काम गवत दिवसभर, न थांबता करत असतं.

पानाची दुसरी युक्ती डोळ्यांना दिसत नाही. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो. जिवंत पानाला त्याचा उपयोग नसतो, म्हणून ते त्यातला जवळपास निम्मा हिस्सा परतवून लावतं आणि बराचसा आरपार जाऊ देतं. साध्या हिरव्या रंगद्रव्याचं प्लास्टिक आपल्याला तितकंच हिरवं दिसतं, पण या न दिसणाऱ्या किरणांतला बराच भाग ते शोषून घेतं. घाम तर त्याला येतच नाही. परिणाम उघड आहे: ते तापतं, आणि तापतच राहतं.

किती तापतं? अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ मध्ये याचं गाजलेलं मोजमाप झालं. नव्या कृत्रिम मैदानावर एका प्रशिक्षकाच्या तळपायांना बुटांतूनही फोड आले, तेव्हा तिथल्या फ्रँक विल्यम्स आणि गिल्बर्ट पुली यांनी तापमापक हाती घेतला. हवेचं तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असताना पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेलेला आढळला. डांबरी पृष्ठभागापेक्षाही तो जास्त तापत होता.

त्यांनी पाणी मारूनही पाहिलं. ७९ अंशांवरचं मैदान पाण्याने २९ अंशांवर उतरलं. पाच मिनिटांत ते पुन्हा ४९ वर गेलं आणि वीस मिनिटांत ७३ वर. मातीवरचा सडा तास-दोन तास पुरतो, कारण माती पाणी धरून ठेवते. प्लास्टिकवरून ते निथळून जातं आणि वर राहिलेलं पाणी संपलं की गारवाही संपतो.

६० अंशांचं पाणी कातडीला पाच सेकंदांच्या आसपास भाजतं. प्लास्टिकमधून उष्णता त्या मानाने हळू येते, म्हणून मोठा माणूस चटका बसताच पाय उचलून वाचतो. रांगतं मूल आणि घरातला कुत्रा यांना ती सोय नसते.

एक गोष्ट या गवताच्या बाजूने सांगितली पाहिजे. ते हलकं असतं, त्यामुळे उष्णता साठवून ठेवत नाही. ऊन हटलं की पाती पाहता पाहता निवतात. कोबा मात्र रात्री दहालाही ऊब सोडत असतो. म्हणून संध्याकाळी वापरायच्या जागेत याचा उपयोग आहे. सावलीत तर ते हवेइतकंच गरम राहतं, फार वर जात नाही. यातूनच निवडीचा पहिला नियम निघतो: सावली आधी, गवत नंतर.

वाळवंटातल्या शहराने काय केलं

हिरवळीला पाणी लागतं हे खरं, आणि टँकरवर जगणाऱ्या वस्तीत लॉन पोसणं शोभत नाही हेही खरं. या पेचात सर्वांत आधी सापडलेल्या शहरांपैकी एक म्हणजे नेवाडाच्या वाळवंटातलं लास व्हेगास. तिथल्या जलप्राधिकरणाचा हिशेब असा, की हिरवळीला दर चौरस फुटाला वर्षाकाठी ७३ गॅलन, म्हणजे सुमारे २७६ लिटर पाणी लागतं. ती काढून ठिबकवर वाळवंटी झाडं-झुडपं लावली की त्यातलं ५५ गॅलन, म्हणजे २०८ लिटर वाचतं. हिरवळ काढणाऱ्याला प्राधिकरण पैसेही देतं. २०२१ मध्ये नेवाडाने कायदाच केला: नुसती शोभेची, कुणी पाय न ठेवणारी हिरवळ कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर २०२६ नंतर पोसायची नाही. स्वतंत्र घरांची अंगणं या कायद्यातून वगळली आहेत. रस्त्याच्या कडेचे पट्टे आणि कार्यालयांपुढच्या हिरवळी त्यात येतात.

कोलोरॅडो राज्याने २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. व्यापारी आणि सार्वजनिक जागांवर नवी शोभेची हिरवळ लावायला बंदी घालताना त्याने कृत्रिम गवतही त्याच बंदीत घातलं. कॅलिफोर्नियानेही २०२३ च्या कायद्याने आपल्या शहरांना कृत्रिम गवतावर बंदी घालण्याची मुभा दिली. पाण्याची टंचाई सोसणारी ही राज्यं. ‘खरं गवत नको’ म्हणजे लगेच ‘खोटं हवं’, असं समीकरण त्यांनी मांडलेलं नाही.

यात आपल्यासाठी एक गंमत दडलेली आहे. अमेरिकेच्या उष्ण, रखरखीत भागांत घरापुढची हिरवळ अनेकदा ज्या गवताची असते, त्याला तिथे बर्म्युडा म्हणतात. आपल्या नर्सऱ्यांतही ते याच नावाने मिळतं. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. शेतकरी ज्या हरळीला शिव्या घालतो आणि गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, तीच ही वनस्पती. पाणी तोडलं की ती पिवळी पडून निपचित पडते आणि पहिल्या पावसाला पुन्हा उठते.

दुकानात काय पाहायचं

एवढं समजूनही कृत्रिम गवत घ्यायचं ठरलं, तर निवड डोळसपणे करता येते.

पहिला प्रश्न धाग्याचा. बाजारात तीन प्लास्टिकं भेटतात. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि राठ, दबलं की उठत नाही. प्रदर्शनाच्या मंडपात किंवा दुकानाच्या काचेत चार दिवस शोभेला ठीक. नायलॉन मजबूत आणि उष्णतेला टिकाऊ, २०० अंशांच्या पुढे वितळणारं, पण महाग आणि पायाला कडक. पॉलिएथिलीन मऊ, आणि घरगुती गवतात तेच जास्त चालतं. त्याचा वितळणबिंदू १२० ते १३० अंशांच्या आसपास असतो. उन्हाने ते सहसा वितळत नाही, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून आडवं होतं. बहुतेक चांगल्या मालात उभी पाती पॉलिएथिलीनची आणि तळाशी कुरळे तपकिरी धागे असतात. हे कुरळे धागे पात्यांना आधार देतात.

दुसरी पाहणी पात्याची. एक पातं चिमटीत धरून उजेडात बघा. सपाट फितीसारखं असेल तर ते लवकर लोळेल. मधोमध शीर असलेलं किंवा पन्हळीसारखं वळलेलं पातं तग धरतं. तुकडा तळहाताने दाबून धरा, सोडा, आणि किती उठतं ते पाहा. उंचीला भुलू नका. ४५-५० मिलिमीटरचं गवत रोलमध्ये श्रीमंत दिसतं, पण कडक उन्हात उंच पातंच आधी आडवं होतं. उष्ण अंगणाला २५ ते ३० मिलिमीटर आणि दाट वीण हे प्रमाण बरं.

वीण पाहायची तर तुकडा उलटा करा. पाठीवर शिवणीच्या रांगा दिसतील. दोन रांगांमधलं अंतर सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी असावं. एका रांगेत दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके पडलेत ते मोजा आणि दोन दुकानांतले आकडे ताडून पाहा. मग एक झुपका धरून जोर लावून ओढा. सुटून हातात आला तर पाठीचा लेप कच्चा आहे. हा लेप लॅटेक्सचा असतो किंवा पॉलियुरेथेनचा. उन्हा-पावसाच्या माऱ्यात पॉलियुरेथेन जास्त टिकतं. वजनावरून प्रत सांगितली, तर ते वजन पात्यांचं की पाठीसकट, हे विचारा. जाड लेप देऊन विरळ गवत भारी करता येतं.

तिसरा प्रश्न ऊन सोसण्याचा. सूर्याचे अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. धागा आधी फिका पडतो, मग ठिसूळ होतो आणि पायाखाली भुकटी होऊन झडतो. ते टाळायला धाग्यातच संरक्षक द्रव्य मिसळलेलं असावं लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हमी लेखी घ्या: किती वर्षांची, रंगाची की धाग्याचीही, आणि बिलावर मालाचं नाव आहे की नाही. रंग आणि पाठ शिसेमुक्त असल्याचंही लिहून मागा. २००८ मध्ये अमेरिकेत काही जुन्या नायलॉन मैदानांत रंगद्रव्यातलं शिसं सापडलं होतं. मुलं जिथे लोळणार, तिथे हा प्रश्न विचारायला संकोच नको.

चौथं, रंग. गडद हिरव्यापेक्षा फिका, पोपटी-पिवळसर छटांचा माल थोडा कमी तापतो. अवरक्त किरण परतवणारी रंगद्रव्यं वापरलेला मालही मिळतो आणि त्याने काही अंशांचा फरक पडतो. पण ८० चे ७० झाले म्हणून त्यावर अनवाणी चालता येत नाही. नावात ‘कूल’ आहे म्हणून सावलीचा खर्च टाळू नका.

दुकानातून हातभर नमुना आणा आणि दुपारी एक वाजता गच्चीवर ठेवा. शेजारी एक वीट, एक पांढरी फरशी आणि गवत असलेली कुंडी ठेवा. तासाभराने चारही ठिकाणी हाताची पाठ टेकवून पाहा. आकडा हवा असेल तर पृष्ठभागाचं तापमान मोजणारी बंदूक लागते. कोरोनाकाळात घेतलेलं उपकरण कपाळाच्या मोजणीवर ठेवलं, तर ते ४२-४३ अंशांपुढे जात नाही. त्यावर वस्तूच्या मोजणीचं बटण आहे का ते आधी बघा.

अंथरताना

मातीवर अंथरायचं तर आधी आठ-दहा सेंटिमीटर खोदून गिट्टी आणि चुरीचा थर घालून दाबून घ्यावा. शंभराला एक तरी उतार हवा, नाहीतर पावसाळ्यात खाली पाणी साचून कुबट वास आणि डास दोन्ही येतात. त्यावर तणरोधक कापड आणि मग गवत. सगळ्या पट्ट्यांचा कल एकाच दिशेला ठेवावा, नाहीतर सांधा दुरूनही ओळखू येतो. शेवटी धुतलेली बारीक सिलिका वाळू चौरस मीटरला पाच ते आठ किलो पेरून झाडूने आत बसवावी. वाळूच्या वजनाने गवत जागचं हलत नाही आणि पाती उभी राहतात.

वाळूऐवजी जुन्या टायरचा काळा भुगा कुणी सुचवला तर नको म्हणा. तो उन्हात आणखी तापतो, वास येतो, आणि पावसात वाहून गटारात जातो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध आणले तेव्हा मैदानांत भरायच्या अशा कणांची विक्री २०३१ पासून बंद करायचं ठरवलं. घरात कुत्रा असेल तर वाळूत झिओलाइट मिसळतात. ते मूत्रातला अमोनिया धरून ठेवतं, तरीही पाण्याने धुणं सुटत नाही. पाणी अजिबात नको, हा दावा इथेही लंगडा पडतो.

गच्चीवर खिळे ठोकू देऊ नका, वॉटरप्रूफिंग जाईल. पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवा आणि पावसाळ्याआधी गवत उचलून खालचा गाळ काढा. गच्चीचा हेतू घर थंड ठेवणं हा असेल, तर आपल्याकडचा पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप हेच काम चोख करतात.

समोरच्या इमारतीची आरशासारखी काच ऊन एकवटून गवतावर टाकत असेल, तर तिथे पाती खरोखर वितळतात. अमेरिकेत ऊर्जाबचतीच्या दुहेरी काचांमुळे अशी जळकी पट्टी उमटल्याचे प्रकार झाले आहेत. आपल्याकडे आणखी एक धोका आहे तो दिवाळीचा. पणतीची वात किंवा भुईचक्राची ठिणगी एका क्षणात रुपयाएवढं भोक पाडते. तुळशीवृंदावनाभोवती हातभर फरशी मोकळी सोडावी, हे बरं.

आणि सांध्यातून पहिल्या पावसात हिरवे कोंब वर आले तर दचकू नका. ती हरळी असते.

मग कुणी घ्यावं

पूर्ण वेळ सावलीतला बाल्कनीचा कोपरा, जिथे खरं गवत जगतच नाही, तिथे हे शोभतं. मांडवाखालची किंवा ७५ टक्क्यांच्या हिरव्या जाळीखालची बैठक, जिथे माणसं संध्याकाळीच बसतात, तिथेही चालेल. पूर्वेच्या अंगणात दुपारनंतर घराचीच सावली पडते, तिथे एखादा तुकडा खपून जाईल. पश्चिमेचं उघडं अंगण, मुलांची दिवसाची खेळायची जागा आणि उघडी गच्ची, इथे मात्र नकोच.

सावलीचा अंदाज हिवाळ्यात घेऊ नका. डिसेंबरात दक्षिणेला कललेला सूर्य मेमध्ये डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दुपारी उभ्या भिंतीलाही सावली नसते. तेव्हा उपयोगी पडतं ते फक्त डोक्यावरचं छप्पर किंवा झाड. अंगणात कडुनिंबाला जागा असेल, तर गवताचे अर्धे पैसे त्याच्यावर आणि मधुमालतीच्या मांडवावर घालवा. उरलेल्या मोकळ्या जागेत हरळी लावा आणि उन्हाळ्यात ती पिवळी पडली तर पडू द्या.

म्हणून दुकानात जाण्याआधी मे महिन्यातल्या एका दुपारी दोन वाजता आपल्याच अंगणात अनवाणी उभे राहा. जिथे उभं राहवत नाही, तिथे प्लास्टिकचं गवत घालू नका. तिथे झाड लावा.